दोन बरण्यांतली माती

बैलाला आवतन देण्यात एक मोठी सोय असते. तो 'बघतो, जमलं तर येतो' म्हणत नाही आणि मागच्या वेळी तुम्ही आमच्याकडं का आला नव्हता, हे उकरून काढत नाही. सत्यभामानं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी नवाब आणि मुनीम या जोडीच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली, पळसाच्या पानांनी खांदे शेकले आणि कानाशी जाऊन दोघांना सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." नवरा, तात्यासाहेब, गेल्यापासून हे काम तिच्याकडं आलं होतं. औताड्यांच्या घरात बायकांनी आवतन द्यायची रीत नव्हती. बैलांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. दिरानं, मोतीरामनं, पहिल्या वर्षी घेतली, तेव्हा तिनं हळदीची वाटी त्याच्या हातात दिली होती. नवाबच्या शिंगांकडं एकवार बघून मोतीराम म्हणाला होता, "तसा काळ बदललाच हाय, वहिनी."

आवतन दिलं म्हणजे जेवायला घालणं आलं. यंदा अडचण अशी झाली होती, की पाहुणे तिचे आणि ताट वाढणारे भलतेच.

अंगणात मांडव पडला होता. त्याचे खांब चकचकीत जस्ती पाइपांचे होते आणि ते बांधाला लागून असलेल्या कारखान्यातूनच आले होते. लोखंडी पाइपांना जस्ताचा मुलामा देणारा हा कारखाना वाळूजच्या कडेला उभा राहिला तेव्हापासून गाव त्याला नुसतं 'मुलामा' म्हणत असे. वीस वर्षं मुलाम्याचं धुण्याचं पाणी ओढ्यानं उतरून औताड्यांच्या खालच्या चार एकरांत मुरलं. आधी ज्वारी पिवळी पडायची. पुढं पिवळी पडायचीही बंद झाली, कारण उगवायचीच बंद झाली. तात्यासाहेबांनी अर्ज केले, पंचनामे झाले. एका पंचनाम्यात तर 'शेतकऱ्याने पिकास पाणी जास्त दिल्याने' असं कारण लिहून आलं. त्या साली पाऊस झाला नव्हता. तात्यासाहेब तो कागद शेवटपर्यंत खिशात बाळगून होते आणि भेटेल त्याला वाचून दाखवायचे. ते गेले. मुलाम्याला उपरती अशी कधी झाली नाही. सामाजिक दायित्व विभाग मात्र झाला. आणि त्या विभागात मोतीरामचा सुयश लागला.

विभागानं औताड्यांच्याच रानात हत्तीगवत लावलं. हे गवत मातीतलं जस्त मुळांनी ओढतं आणि पानांत भरतं, म्हणजे माती साफ होते. दोन वर्षं कंपनीचा ट्रक यायचा आणि कापलेलं गवत झाकून घेऊन जायचा. आता अहवाल आला होता, की माती स्वच्छ झाली. म्हणून यापुढं गवत वाया न घालवता गावातल्या गोठ्यांना फुकट वाटायचं ठरलं होतं, 'खनिजसमृद्ध चारा' म्हणून. मांडवाच्या तोंडावर फलक होता, 'स्वच्छ माती, सशक्त गाय'. त्यावरची गाय परदेशी होती आणि हसत होती.

बेत असा होता. पोळ्याच्या मुहूर्तावर नवाबला कॅमेऱ्यासमोर पहिली पेंढी घालायची. त्याच मांडवात सत्यभामानं 'माती साफ झाली, गवत वाटायला हरकत नाही' अशा संमतिपत्रावर सही करायची. सातबाऱ्यावर दोन नावं होती; मोतीरामची सही कधीच झाली होती. तिची झाली, की उद्या सकाळी ट्रक गावात फिरणार आणि तीनशे जनावरांच्या गव्हाणीत ते गवत पडणार.

"मोठी आई, बाराला आटपायचंय बरं का," स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सुयश म्हणाला. गारखेड्याच्या फ्लॅटमधून तो सकाळी सातलाच आला होता. अंगात नवा कुर्ता होता, खिशावर विभागाचं बोधचिन्ह. "फोटोवाल्याला पुढं दुसरा कार्यक्रम आहे."

"बैलाचं जेवण मिरवणुकीच्या मागून असतंय, सुयश."

"माहितेय ना. यंदाच्या वर्षी फक्त."

"बरं. बाराला तं बाराला." सत्यभामानं पोळी उलटली. हे पोर तिच्या मांडीवर वाढलं होतं. तीन वर्षं कंत्राटावर होतं आणि हा कार्यक्रम पार पडला की कायम होणार होतं, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. "पन मला एक सांग. मातीतली घाण गवतानं वढली, व्हय?"

"घाण नाही, जस्त. खनिज आहे ते."

"वीस वरीस शेतात होतं तव्हा घान होतं. गवतात गेल्याबरुबर खनिज झालं?"

"अगं, जनावरांना लागतंच ते. आपल्याकडच्या चाऱ्यात कमी असतं. मग खुरं फुटतात, कातडी सोलते."

"आन् माती साफ झाली म्हनतोस. साफ झाली तर मंग गवतात आता ते येतंय कुठून?"

सुयशनं तोंड उघडलं आणि घड्याळ बघितलं. "ते ऋतुराज सर सांगतील," तो म्हणाला.

पाट्याशी जायफळ उगाळत बसलेल्या प्रेरणानं वर पाहिलं. सत्यभामाची ही थोरली शहरात एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. गेले पंधरा दिवस ती सुयशकडं अहवाल मागत होती आणि तो तिला रोज फक्त पहिलं पान पाठवत होता. पहिल्या पानावर गाय होती.

"सुयश, गवतात काय काय तपासलं?"

"जस्त."

"आणि?"

"आणि काय, ताई? जस्त होतं म्हणून जस्त तपासलं."

"जस्ताबरोबर कॅडमियम येतं. एकाच खाणीतली भावंडं आहेत ती. जनावराच्या मूत्रपिंडात जाऊन बसलं, की उठत नाही."

"पाव्हन्यासारखं," पारूबाई म्हणाल्या. त्या मोतीरामच्या थोरल्या बहीण, सत्यभामाच्या नणंद. देवगाव रंगारीहून दोन दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या आणि पिशवीत सहा लुगडी होती.

"आत्या, हसण्यावारी नेऊ नका. जस्त चालेल. कल्पनाही खोटी नाही, बाहेर अशानं रानं सुधारली आहेत. पण गवत प्रत्येक धातूसाठी तपासून घ्यावं लागतं. जे शोधलंच नाही, ते सापडणार कसं?"

"गवतात कशाला शोधायचं?" सुयशचा आवाज चढला. "मातीतच नाहीये ते. दुसऱ्या नमुन्यात कॅडमियम शून्य, शिसं शून्य. जस्तसुद्धा जेमतेम. मोठी प्रयोगशाळा आहे ती, ताई, तुमच्यासारखी जिन्याखालची नाही."

प्रेरणानं जायफळ पुन्हा उगाळायला घेतलं. तिची प्रयोगशाळा खरोखरच जिन्याखाली होती. पारूबाईंनी मात्र भाच्याची पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "जाऊ दे, पोरी. आपलाच पोरगा हाय, तो काय आपल्या बैलाला ईख घालील?" झालं, स्वयंपाकघरात दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. सत्यभामा तव्यावर होती. तिनं मत दिलं नाही.

बारा वाजता नवाब आणि मुनीमला अंगणात आणलं. शिंगांना हिंगूळ, अंगावर आरशांची झूल. कडुबा दोघांच्या मध्ये उभा होता. तो या घरात बावीस वर्षं सालानं होता आणि बैलांशी जितका बोलायचा तितका माणसांशी बोलत नसे. मांडवात शंभर-सव्वाशे माणूस बसलं होतं. मागं पंगतीची तयारी होती, पुरणाचा वास सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. आणि या घरची रीत पाहुण्यांनाही पाठ होती: बैल जेवल्याशिवाय माणसाच्या पानावर पोळी पडत नाही.

ऋतुराज सरांनी माईक घेतला. कंपनीचे सल्लागार, पायात महागडे बूट, बोलणं मऊ. समोरच्या टेबलावर दोन काचेच्या बरण्या होत्या. त्यांवर चिठ्ठ्या, 'आधी' आणि 'नंतर'.

"मित्रांनो, ही डावीकडची बरणी दोन वर्षांपूर्वीची. आमच्या पथकानं इथून नेलेली. बघा, फिकट, निर्जीव, मुरमाड. आणि ही उजवीकडची, मागच्या उन्हाळ्यातली. स्वतः मोतीरावांनी आपल्या हातानं भरून दिलेली." बरणी त्यांनी उंच धरली. आतली माती काळीभोर होती, लोण्यासारखी. "दोन वर्षांत धातू तर गेलेच, मातीचा रंगसुद्धा बदलला! आमचे सुयश त्यांच्या टिपणीत लिहितात, 'रंगातही लक्षणीय सुधारणा'."

टाळ्या पडल्या. मोतीराम पहिल्या रांगेत बसला होता. फेट्याखाली त्याला घाम आला होता, पण ऑगस्ट सरत आलेला, घाम सगळ्यांनाच होता.

मुरमाची काळी दोन वर्षांत कशी झाली, हे विचारायचा पगार कंपनीत कुणालाच नव्हता. सत्यभामाला तर कशाचाच पगार नव्हता. सहीसाठी तिला पुढं बोलावलं, पेन हातात दिलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि 'नंतर'ची बरणी उचलली. झाकण काढलं. चिमूटभर माती तळहातावर घेतली, तांब्यातलं थेंबभर पाणी सोडलं आणि अंगठ्यानं चोळली. मातीची वात वळली आणि तुटली नाही.

चाळीस वर्षं तिनं खालच्या चार एकरांत खुरपणी केली होती. तिथल्या मातीची वात तिच्या सासूच्यानंही कधी वळली नव्हती.

"पारूबाई, जरा हिकडं या."

पारूबाई आल्या. माती बघितली, नाकाशी नेली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान पसरला, की फोटोवाल्यानं आपोआप कॅमेरा वळवला.

"आगं माय! ही तं आमच्या डोहाकाठच्या वावरातली! मोत्या, तू उन्हाळ्यात आखाजीला आलतास तव्हा दोन पिशव्या नेल्यास ना? मला म्हनला, तुळशीला पायजे. आन् तू तपासायला धाडली व्हय रं? बगा बगा, देवगावची माती! शून्य निगालं म्हनं सगळं!"

मांडवात मागून कुणीतरी खोकलं. सुयशनं बापाकडं पाहिलं. मोतीराम बैलाकडं बघत होता. बैल कुणाकडंच बघत नव्हता.

"अप्पा?"

"आरं... माती ती माती," मोतीराम म्हणाला. "समदी धरतीमाताच हाय."

"भाऊजी," सत्यभामा म्हणाली, "आपल्या रानाची म्हनून देवगावची दिली?"

"मान्सं बगायला येनार म्हनल्यावर पोरीला पावडर लावतातच की, वहिनी. त्यात काय एवढं?"

"पावडर न्हाई लावली. दुसऱ्याची पोरगी बशिवली."

हशा उसळला आणि तेवढ्यात विझलाही, कारण हसणाऱ्यांच्या घरी दुभत्या म्हशी होत्या आणि एकेकाच्या डोक्यात उजेड पडू लागला होता. ऋतुराज सर माईकवर हात ठेवून पुढं झाले. सरांचा चेहरा अजून मऊच होता.

"ताई, ही एक तांत्रिक तफावत आहे. आपण ती नंतर नक्की बघू. आत्ता कार्यक्रम पूर्ण करून घेऊ या. एकच घास. प्रतीकात्मक."

"सायेब, बैल प्रतीकात्मक खात न्हाई. त्यानं तोंडात घेतलं, की तो गिळतो."

"एका घासानं काही होत नाही हो."

"एका घासाचा फोटू काडून उद्या तीनशे गव्हानीत गवत टाकनार ना तुमी? मंग ह्यो घास एक कसा? आन् मी काल यांना आवतन दिलंय. घरी बोलावून पाव्हन्याच्या ताटात असलं वाढायचं? वीस वरीस तुमी आमच्या शेतात टाकलं, आमाला इचारलं न्हाई. आता माझ्या हातानं माझ्या बैलाच्या तोंडात टाकायला लावता? आन् वर हार घालता?"

हे ती ओरडून बोलली नव्हती. सरांचा माईकवरचा हात मात्र सुटला होता आणि माईक चालू होता, त्यामुळं ते ओढ्यापलीकडंही ऐकू गेलं.

"कडुबा, जोडी आत घे," तिनं सांगितलं. बैल गोठ्यात गेले. पुरणपोळीचं ताट पदराखाली झाकून ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. "मातीचं खरं काय ते भाऊजी माईकवर सांगतील. मंग माझे बैल माझी पोळी जेवतील. मंग तुमी समदे जेवा."

साडेबारापर्यंत मांडव सुयशच्या बाजूचा होता. बाईमाणसानं सणाला आडवं येऊ नये, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे, गवत तर फुकट मिळतंय, अशी शहाणी वाक्यं एकामागून एक गोठ्याकडं चालत आली आणि उंबऱ्यावर ठेचकाळून परत गेली. एक वाजता पुरणाचा वास जोर करू लागला. सव्वाला ज्यांच्या म्हशी दुभत्या होत्या ते म्हणू लागले, की तसं बाईचं चूक नाही. दीड वाजता ज्यांच्याकडं म्हशीच नव्हत्या त्यांनाही ते पटलं. भूक हा फार विचारी प्राणी आहे. पावणेदोनला फोटोवाला दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेला.

पारूबाईंनी अर्ध्या तासात तीन पक्ष बदलले. भावाला फैलावर घेतलं, "माज्या तुळशीचं नाव घेतलंस, मेल्या!" मग भावाचा उतरलेला चेहरा दिसला आणि त्या सत्यभामाकडं आल्या. "जाऊ द्या ना, वहिनी. त्याला साखरेची बिमारी हाय. येळंवर जेवला न्हाई तर चक्कर येती."

"ते ठाव हाय मला. म्हनून गूळ हाताशी ठिवलाय. औषधाला रीत आडवी येत न्हाई. म्हनावं, ये आन् खा."

"तो न्हाई यायचा गुळाला."

"मग माईकला येईल."

पारूबाई गुडघ्यावर हात देत शेजारीच उंबऱ्यावर बसल्या. "ईख ते ईख," त्या स्वतःशी पुटपुटल्या. "माझी माती मात्र शून्य निगाली हां."

सुयश आला तो तरातरा. मागं प्रेरणा होती. "मोठी आई, तू काय करते आहेस, कळतंय का तुला? मी घरी बसणार आता. कायम होणार होतो मी!"

"तुला ठाव होतं का, सुयश?"

"काय?"

"मातीचं."

"शप्पथ, नाही."

"रंग बगितला व्हतास ना? तूच लिव्हलंस."

त्यानं खिशावरचं बोधचिन्ह चाचपलं. आपल्या रानाची माती त्याला चांगली ठाऊक होती. लहानपणी याच रानात मुरमाचे खडे वेचून त्यानं मुलाम्याच्या भिंतीवर मारले होते, आणि एकदा तात्यासाहेबांनी त्यासाठी त्याला कडेवर घेऊन मिरवलं होतं.

"विचारायला पाहिजे होतं मी," तो अखेर म्हणाला. "पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं."

प्रेरणानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नमुना परत घेऊ. आपल्या दोघांच्या समोर. मातीचा वेगळा, गवताचा वेगळा. जिन्याखाली नाही, तुमच्या त्या मोठ्या ठिकाणीच पाठवू. गवतात फक्त जस्तच निघालं, तर मी स्वतः आईकडून सही आणून देते."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तू कायम झाला नाहीस, याचे तीनशे गोठे आभार मानतील."

"गोठे पगार देत नाहीत, ताई," सुयश म्हणाला, पण उंबऱ्याच्या अलीकडच्या बाजूला, मोठ्या आईपाशी, खाली बसला.

सव्वादोनला मोतीराम उठला. चालताना त्यानं एकदा गव्हाणीचा आधार घेतला. सगळे बाजूला झाले. तो वहिनीसमोर उकिडवा बसला आणि जमिनीवर बोटानं रेघा ओढू लागला.

"मी भरायला गेलतो, वहिनी. आपल्याच शेतात. पिशवी घेऊन. कुदळ मारली. वास आला. काय तरी तेलावानी चकाकत व्हतं. बाप म्हनायचा, औताड्याचं रान डोळे झाकून इकावं, घेनाऱ्यानं हात जोडून घ्यावं. ती माती मी काचंच्या बरनीत भरून परक्याच्या टेबलावर ठिवू? लोकानं नाक दाबून बगावी? मला न्हाई झालं ते. शरम वाटली."

"शरम तुमाला काहून? तुमी वतलं का ते पानी?"

मोतीरामनं नकारार्थी मान हलवली.

"ज्यानं वतलं तो तिकडं माईक घिऊन हुबा हाय आन् त्याला शरम न्हाई. तुमी त्याची शरम आपल्या आंगावर घेतली, वर देवगावहून माती आनून त्याला शाबासकी मिळवून दिली. तुमचे भाऊ मरूस्तोर तो पंचनाम्याचा कागद दावत फिरले. ते म्हनत व्हते, माजं रान नासवलं. आन् तुमी लिहून दिलं, रान बेस हाय. आता उद्या कोन कुनाकडं न्याय मागंल, भाऊजी? तुमच्या सहीनं समदं मिटलं की."

हे मोतीरामच्या ध्यानात आलं नव्हतं. तो वर बघू लागला, तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. सत्यभामानं गुळाचा खडा पुढं केला. त्यानं घेतला नाही. खडा तिनं सरळ त्याच्या तोंडात घातला, जसा एखाद्या हट्टी गोऱ्ह्याला घालावा.

"हे औषध. जेवन न्हाई," ती म्हणाली. "जा आता."

मोतीराम माईकवर एकूण चार वाक्यं बोलला. पहिलं ऐकू आलं नाही, कारण माईक उलटा धरला होता. दुसरं असं, की 'नंतर'च्या बरणीतली माती देवगाव रंगारीची आहे. तिसरं, की आपल्या रानातली माती अजून तशीच आहे, कदाचित वाईट. चौथं वाक्य त्यानं ऋतुराज सरांकडं तोंड करून म्हटलं, आणि ते सुरुवातीला अर्जातल्यासारखं होतं आणि शेवटी नव्हतं: "तरी साहेबांनी कृपा करून ही गोष्ट त्यांच्या अहवालात लिहावी, नाय तर मी सवता येऊन तुमच्या हापिसात वाचून दावतो, रोज, माझा भाऊ दावायचा तसं."

टाळ्या पडल्या नाहीत. पंगतीची पानं मात्र भराभर मांडली जाऊ लागली.

नवाब आणि मुनीम जेवले. सत्यभामानं पोळीचा एकेक तुकडा तोडून तुपात बुडवून भरवला आणि नवाबनं नेहमीप्रमाणं शेवटच्या तुकड्याबरोबर तिचा पदर चघळला. कडुबा म्हणाला, "खाल्लं." सबंध दिवसात तो एवढंच बोलला.

ऋतुराज सर जेवायला थांबले नाहीत. पण सणाला दारी आलेला माणूस रिकाम्या हातानं पाठवायची औताड्यांची रीत नव्हती. सत्यभामानं हत्तीगवताची ती रिबीन बांधलेली पेंढी उचलायला लावली, तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि कडुबाकरवी सरांच्या गाडीच्या मागच्या आसनावर ठेवून दिली.

"ताई, हे काय?"

"तुमचीच वस्तू. चुकून आमच्या रानात आलती. रानात अजून चार एकर हाय. कधी नेता, ते कळवा."

सरांनी काच वर घेतली. गाडी मुलाम्याच्या भिंतीच्या कडेनं वळली, तेव्हा मागच्या काचेला गवताची पाती हिरवीगार चिकटलेली दिसत होती. नारळ मात्र त्यांनी वेशीवर उतरवून ठेवला. नंतर तो पारूबाईंनी आणला.

चार वाजता बैल मिरवणुकीला गेले. मिरवणुकीच्या हलगीचा आवाज वेशीकडं लांब जात असताना खालच्या रानात पाच माणसं उतरली. प्रेरणानं जागा दाखवली, सुयशनं मोबाइलवर चित्रण सुरू केलं, पारूबाई 'देवगावला असं चिखल-चिखल न्हाई' एवढं सांगण्यापुरत्या बांधावर उभ्या राहिल्या. कुदळ सत्यभामानं मारली. हातभर खोल गेल्यावर गवताची मुळं लागली, केसांच्या गुंत्यासारखी, आणि त्यांच्याखाली राखाडी-पिवळट ढेकूळ. वास आला. तेलासारखं काहीतरी चकाकलं.

पिशवीचं तोंड धरायला मोतीराम पुढं झाला. दोन्ही हातांनी त्यानं ते उघडून धरलं. सत्यभामानं पहिलं खोरं आत सोडलं, तेव्हा त्याची मान आपोआप दुसरीकडं वळली.

"कशी दिसती हो ही, वहिनी," तो पुटपुटला.

"आपलीच हाय, भाऊजी," सत्यभामा म्हणाली आणि दुसरं खोरं भरलं. "तोंड फिरवू नका. पिशवी हालती."

त्यानं मान सरळ केली.